चाल उचलणाऱ्यांच्या बाजूने

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडा इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते. त्या वळणावर कोरीव देवळांचा समूह उभा आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. यात्रेच्या निमित्ताने या मुलखात जी भजनं कानावर पडतात, त्यांतलं कुठलंही लक्ष देऊन ऐकावं. शब्द संतांचे असतात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे असतात. चाल मात्र कुठून कुठून आलेली असते. एखादी जुन्या सिनेमातली, एखादी नाटकातल्या पदाची, एखादी शेजारगावच्या मंडळाकडून ऐकून उचललेली. खंजिरीवर ती चढली की तिची लय बदलते, वळणं बदलतात, आणि काही वर्षांत ती त्या गावचीच होऊन जाते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या लग्नांत धुमाल वाजतं तेव्हा तर शब्दही उरत नाहीत. गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ताशे. सिनेमातलं गाणं गायकाशिवाय, दुप्पट जोशात आणि वऱ्हाडाच्या चालण्याच्या गतीला बसवून. ऐकणाऱ्याला मूळ गाणं क्षणात ओळखू येतं, आणि हे ते गाणं नव्हे, धुमालचं गाणं आहे, हेही तितक्याच पटकन कळतं.

आणि झाडीपट्टीची रंगभूमी आहेच. दिवाळी झाली, धानाची कापणी उरकली की मंडईच्या जत्रांचे आणि नाटकांचे दिवस लागतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या रंगभूमीचं ठाणं. तिथल्या मंडळांची नाटकं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या गावांत रात्री सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचं थोडं लक्ष तिकडे गेलं. पण नटांइतकंच महत्त्व तिथल्या वादकांना आहे. गाणी प्रेक्षकांसमोर, वादकांच्या साथीने म्हटली जातात. नटाचा आवाज बसला असेल तर पट्टी खाली येते. ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा उभं राहतं आणि दुसऱ्यांदा ते पहिल्यासारखं असतंच असं नाही. ही पुनर्रचनाच आहे, आणि ती करणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही.

या सगळ्याची आठवण होण्याचं कारण थोडं लांबचं आहे. गेल्या पंचवीस वर्षांत जगभरच्या हौशी संगीतकारांनी जुन्या व्हिडिओ गेमच्या चाली घेऊन त्यांची नवी रूपं बांधली. कुणी त्या सतारीवर वाजवल्या, कुणी चाळीस वादकांच्या ताफ्यावर, कुणी एकट्याने संगणकावर. यातलं बहुतेक काम फुकट वाटलं गेलं. संगीत म्हणून ते अव्वल आहे, आणि तरीही ते करणारा माणूस आजही मालकाच्या मर्जीवर जगतो. धुमालवाल्याला जी मोकळीक मिळते, तीच या हौशी रचनाकारालाही मिळायला हवी, असं या लेखाचं म्हणणं आहे.

आधी त्या चाली काय होत्या ते पाहू. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत जो व्हिडिओ गेम पोहोचला, तो बहुतेक वेळा निन्टेन्डोचा अस्सल फॅमिकॉम नव्हता. त्याची नक्कल होती. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं त्या काळच्या मुलांना पाठ आहेत. त्यात घालायच्या डबीला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटवर नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ असल्याचं छापलेलं असे आणि प्रत्यक्षात तेच मोजके खेळ फिरून फिरून येत. अशा काही कॅसेटींच्या यादीच्या पडद्यावर जी चाल वाजे, ती ‘अनचेन्ड मेलडी’ या १९५५ सालच्या अमेरिकन चित्रपटगीताची होती. अलेक्स नॉर्थ या संगीतकाराची ही चाल आशियातल्या कुठल्याशा कारखान्यात चिपवर उतरली आणि भारतातल्या हजारो मुलांच्या कानात, कुठलंही नाव न सांगता, बसली. त्या मुलांना आज ती ऐकवली तर ती गाण्याचं नाव सांगणार नाहीत, मारिओची आठवण सांगतील.

मारिओची चाल संगीतकार कोजी कोंडो यांची. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला तेव्हा चित्र, खेळ आणि संगीत धरून अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज व्हॉट्सअॅपवर येणारा एखादा फोटोही त्याहून मोठा असतो. फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाजाचे पाच मार्ग होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक निव्वळ खरखरीचा आणि एक छोटे मुद्रित तुकडे वाजवणारा. चौकोनी लहरींवर मुख्य चाल आणि तिची साथ, त्रिकोणी लहरीवर खर्जातला आधार, खरखरीवर ताल. त्रिकोणी लहरीचा आवाज लहानमोठा करण्याचीही सोय नव्हती. ती एक तर चालू, नाही तर बंद. त्यातही मारिओने उडी मारली किंवा नाणं उचललं की त्या क्षणापुरता संगीताचा एक मार्ग त्या आवाजासाठी काढून घेतला जाई. म्हणजे ऐन खेळात संगीताचा एक सूर मधूनच गळे आणि पुन्हा येई.

या बंधनांचा परिणाम विलक्षण झाला. वाद्यांचा साज नाही, गायक नाही, गुंजन नाही. सगळा भार चालीवरच. चाल पक्की नसेल तर झाकायला काहीच नाही. शिवाय ती मिनिटभरात फिरून पुन्हा सुरू व्हायची आणि खेळणारा तासन्‌तास ऐकणार, म्हणून तिचा कंटाळा येता कामा नये. एवढ्या कसोटीतून उतरलेल्या चाली टिकाऊ निघाल्या तर नवल नाही. त्यांच्यात रिकाम्या जागाही भरपूर राहिल्या. तीन सुरांत सुचवलेला स्वरमेळ ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा, आणि ऐकणारा स्वतः वाजवणारा असेल तर तो नुसता मनात पुरा करून थांबत नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ साली मारिओची ही चाल आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तिथे मिळालेलं हे पहिलं स्थान. टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात २०२१ साली देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते जपानी व्हिडिओ गेमच्या संगीतावर. मान मिळायला वेळ लागला, पण मिळाला.

चाहत्यांना मात्र या चालींची किंमत आधीच कळली होती. डिसेंबर १९९९ मध्ये डेव्हिड लॉइड या अमेरिकन तरुणाने ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ हा उपक्रम सुरू केला. कुणीही जुन्या खेळाच्या चालीची आपली रचना पाठवायची. परीक्षकांचं मंडळ ती ऐकणार. पसंत पडली तर ती सर्वांसाठी फुकट उपलब्ध होणार. आजवर तिथे चार हजारांहून अधिक रचना जमल्या आहेत. संख्येपेक्षा नियम महत्त्वाचे आहेत. मूळ ध्वनिमुद्रणावर नुसता ठेका चढवून चालत नाही. रचनाकाराने चालीचा स्वतःचा अर्थ लावला पाहिजे. मूळ चाल ओळखू आली पाहिजे, पण काम नवं हवं. आणि प्रत्येक रचनेसोबत कोणता खेळ, कोणती चाल आणि मूळ संगीतकार कोण, हे नोंदवलेलं असतं.

ही शेवटची गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. ऐंशीच्या दशकात अनेक जपानी कंपन्या आपल्या संगीतकारांची खरी नावं खेळात देत नसत; दिलीच तर टोपणनावं. १९८७ सालच्या ‘मेगा मॅन’चं संगीत मानामी मात्सुमाए या तरुणीने केलं, पण खेळाच्या शेवटी तिचं नाव ‘चाँचाकोरिन मानामी’ असं विचित्र रूपात झळकलं. या संगीतकारांची खरी नावं शोधून ती जगासमोर आणण्यात चाहत्यांचा मोठा वाटा आहे. ज्यांना कायदा परके समजतो, त्यांनीच मूळ कर्त्यांची ओळख जपली.

पुढे काय घडलं तेही पाहण्यासारखं आहे. जेक कॉफमन हा अमेरिकन तरुण चाहत्यांच्या या जगात जुन्या चालींच्या पुनर्रचना करत वाढला. २०१४ साली ‘शव्हेल नाइट’ या खेळाचं संगीत त्याने केलं, आणि त्या खेळातल्या दोन चाली केल्या खुद्द मानामी मात्सुमाए यांनी. डॅनी बॅरनॉव्स्की याचीही वाट तीच. पुनर्रचना करता करता तो ‘सुपर मीट बॉय’चा संगीतकार झाला. टोबी फॉक्स ‘अर्थबाउंड’ या जुन्या खेळाच्या चाहत्यांत वावरलेला. त्या खेळात हौसेने केलेल्या फेरफारासाठी २००८ साली त्याने ‘मेगालोव्हेनिया’ ही चाल बांधली; २०१५ साली तीच त्याच्या स्वतःच्या ‘अंडरटेल’मध्ये आली आणि त्या पिढीच्या सर्वांत ओळखीच्या चालींपैकी एक ठरली. आपल्याकडे गुरूच्या चिजा घोटून घोटून गवय्या तयार होतो. इथे गुरू समोर नव्हता. चिपमधून येणारे सूर होते, आणि ते घोटून ही मंडळी तयार झाली.

३ एप्रिल २०२२ रोजी लास व्हेगासमध्ये ग्रॅमी पुरस्कार दिले गेले. वाद्यसंगीताच्या उत्कृष्ट संयोजनाचा पुरस्कार ‘मेटा नाइट्स रिव्हेंज’ या रचनेला मिळाला. ही मुळात ‘कर्बी सुपर स्टार’ या १९९६ सालच्या खेळातली चाल. चार्ली रोझेन आणि जेक सिल्व्हरमन यांनी ती ‘एट-बिट बिग बँड’ या न्यू यॉर्कच्या ताफ्यासाठी जॅझच्या अंगाने बांधली. खेळाच्या कंपनीने ते काम सांगितलेलं नव्हतं. आवडीपोटी घेतलेली चाल जगातल्या सर्वांत नावाजलेल्या संगीत पुरस्कारापर्यंत पोहोचली.

कंपन्यांची वागणूक एकसारखी नाही. कॅपकॉमने २००८ साली ‘स्ट्रीट फायटर’च्या नव्या आवृत्तीसाठी ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’च्या चाहत्यांनाच संगीत करायला सांगितलं. स्क्वेअर एनिक्सने २०१२ साली याच मंडळींच्या ‘फायनल फँटसी सहा’वरच्या संग्रहासाठी चाललेल्या निधी संकलनाला हरकत घेतली, पुढे बोलणी झाली आणि संग्रह निघाला. जपानमध्ये ‘तोहो’ या खेळमालिकेचा कर्ता, जो ‘झुन’ या नावाने ओळखला जातो, त्याने काही अटींवर चाहत्यांना आपल्या चाली वापरायची जवळजवळ मुभाच दिली. त्याच्या १९९८ सालच्या ‘बॅड अॅपल’ या चालीला २००७ मध्ये चाहत्यांनी गाण्याचं रूप दिलं, आणि २००९ मध्ये आणखी कुणी त्यावर सावल्यांची चित्रफीत रचली. आज झुनच्या मूळ खेळाला हात न लावलेल्या लाखो लोकांना ती चाल पाठ आहे. मुभा दिल्याने मूळ मालिकेचं काही बिघडलं नाही. तिचा पसारा वाढला. कर्त्याने दार उघडं ठेवलं तर काय होतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा सापडणं कठीण.

पण हे सगळं मर्जीवर चालतं. एकाची मर्जी बरी, दुसऱ्याची नाही. मर्जीवर संस्कृती उभी राहू शकत नाही.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याच्या ५२व्या कलमात काही वापर उल्लंघन मानलेले नाहीत. धार्मिक विधीतलं संगीत त्यात आहे, आणि त्याच उपकलमात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभही स्पष्टपणे धरले आहेत. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर केलेलं सादरीकरणही मोकळं ठेवलं आहे. म्हणजे चंद्रपुरातलं वरातीतलं धुमाल आणि यात्रेतलं भजनी मंडळ या दोघांकडे कायदा बनवणाऱ्यांचं लक्ष होतं. लोक चाली घेतात, आपल्या वाद्यांवर वाजवतात, आणि त्यात कुणाचं नुकसान नाही, हे त्यांनी ओळखलं. ही समजूत आपल्या कायद्यातली खरोखर अभिमानाची जागा आहे.

अडचण सुरू होते ती ध्वनिमुद्रणापाशी. तोच धुमालमधला कीबोर्डवाला घरी बसून मारिओची चाल धुमालच्या ठेक्यात बांधतो, मोबाइलवर मुद्रित करतो आणि एक पैसा न घेता लोकांना ऐकवतो, तेव्हा ५२व्या कलमातली ती मोकळीक संपते. ‘रास्त वापरा’त खाजगी उपयोग, टीका, समीक्षा, बातमी यांचा उल्लेख आहे, चाहत्याच्या पुनर्रचनेचा नाही. मग उरतं ३१-क हे २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम, ज्यात गाण्याची नवी आवृत्ती काढण्याचा परवाना मिळतो. पण त्याच्या अटी वाचल्या की ते कुणासाठी लिहिलं आहे ते कळतं. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटली पाहिजेत. आधी सूचना, आधी पैसे. दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मालकाने आधी केलेला किंवा मान्य केलेला नसेल, अथवा तांत्रिक कारणाने आवश्यक नसेल, तर चालीत बदल करता येत नाही. म्हणजे हुबेहूब नक्कल करायला परवाना आहे. नवा अर्थ लावायला नाही.

याच्या शेजारी बाजारात काय चालतं ते ठेवून पाहा. २०२० च्या एप्रिलमध्ये ‘मसक्कली २.०’ आलं. मूळ गाणं ए. आर. रहमान यांचं, ‘दिल्ली-६’ या २००९ सालच्या चित्रपटातलं. मूळ गाण्यामागे किती जणांचे किती दिवस गेले, हे रहमान यांनी जाहीरपणे सांगितलं आणि आपली नापसंती लपवली नाही. पण हक्क कंपनीकडे होते, त्यामुळे रीमिक्सला अडसर नव्हता. २००२ साली ‘काँटा लगा’ने रीमिक्सची जी लाट आणली, तिच्यातही मूळ संगीतकाराला विचारण्याची रीत नव्हती. ज्याच्याकडे मालकी आहे त्याने केलेली घाईची नक्कल कायदेशीर, आणि ज्याच्याकडे नुसतं प्रेम आणि मेहनत आहे त्याने केलेली सहा महिन्यांची रचना धोक्यात. हा क्रम उलटा आहे, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे.

रहमान यांची तक्रार खरी आहे आणि ती बाजूला सारता येणार नाही. कर्त्याच्या कामाची विटंबना होऊ नये, हा त्याचा हक्क आहे. आपल्या कायद्याचं ५७वं कलम तो हक्क मालकी विकल्यानंतरही कर्त्याकडेच ठेवतं. चाहत्याच्या पुनर्रचनेला मोकळीक देताना हे कलम जसंच्या तसं राहिलं पाहिजे. आणि मूळ ध्वनिमुद्रण उचलून स्वतःच्या नावावर खपवणारा चाहता नव्हे. या दोघांत फरक करता येतो. ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’चे परीक्षक तो वर्षानुवर्षं करत आले आहेत.

कॅनडाने तर तो कायद्यातच केला. २०१२ च्या दुरुस्तीत तिथे एक कलम आलं: सामान्य माणसाने आधीच्या कृतीवरून नवी कृती बिनव्यापारी हेतूने केली, शक्य तिथे मूळ कर्त्याचं नाव दिलं, मूळ कृती कायदेशीर मार्गाने मिळवलेली असली आणि तिच्या बाजाराला मोठा धक्का बसत नसला, तर ते उल्लंघन नाही. चार साध्या अटी. त्यानंतरही कॅनडाच्या संगीतकारांचा धंदा चालूच आहे. भारताने आपल्या ५२व्या कलमात याच धर्तीचं एक उपकलम घालावं. वरातीसाठी जी जागा केली, ती घरात बसून मुद्रण करणाऱ्या हौशी वादकासाठीही करावी. या मागणीत परकं काही नाही. आपल्याच कायद्याने जे धोरण ठेवलं, तेच आजच्या साधनांना लागू करायचं आहे.

मराठी माणसाला तर ही गोष्ट समजावून सांगायची गरजच पडू नये. संगीत नाटकाचा आपला सगळा डोलारा उचललेल्या चालींवर उभा राहिला. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली आणि ‘सौभद्र’ १८८२ साली रंगमंचावर आलं, तेव्हा लोकांच्या तोंडी असलेल्या चाली, कीर्तनातल्या, लावणीच्या, कर्नाटकी वळणाच्या, त्यांनी पदांना लावल्या. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ आलं, आणि गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, कजरीच्या वळणांतून त्याच्या चाली घडवल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या बंदिशींना नाटकात आणलं. हे सगळे थोर रचनाकार होते, आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग आज ज्याला पुनर्रचना म्हणतात तोच होता.

पण त्यांनी एक शिस्त पाळली. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती उघडून पाहिल्या तर पदाच्या डोक्यावर चाल कुठली ते छापलेलं दिसतं. कुठल्या मूळ गाण्याच्या चालीवर हे पद म्हणायचं, हे वाचकाला आणि पुढच्या नटाला सांगितलेलं असे. नाटक मंडळींकडे कायद्याचा सल्लागार नव्हता. आपण कुणाचं घेतलं हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. आज याच रीतीचा आपल्याकडे जवळजवळ विसर पडला आहे. डीजेवर वाजणाऱ्या भीमगीतांच्या, भजनांच्या, लावण्यांच्या रीमिक्समध्ये डीजेचं नाव दर मिनिटाला ऐकू येतं. मूळ गायकाचं, कवीचं, संगीतकाराचं कधीच नाही. धुमालच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात, पण त्यांतही चालीचा कर्ता कोण ते लिहिलेलं नसतं. मोकळीक मागायची तर ही सवय मोडावी लागेल. नाव देणं ही कॅनडाच्या कायद्यातली अट आहे, चाहत्यांच्या उपक्रमाचा नियम आहे आणि आपल्याच रंगभूमीची जुनी रीत आहे.

झाडीपट्टीबाबत हे काम निकडीचं आहे. या नाटकांतल्या चालींचा मोठा भाग कुठेही लिहिलेला नाही. तो वादकांच्या बोटांत आहे. एखादा पेटीवाला गेला की पन्नास नाटकांच्या चाली त्याच्याबरोबर जातात. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे आणि चंद्रपूर-गडचिरोली हेच त्याचं क्षेत्र आहे. या विद्यापीठाने हंगामात वडशाला मुक्काम ठोकून वादकांकडून चाली मुद्रित करून घ्याव्यात. प्रत्येक चालीपुढे ती कुठून आली आणि कुणी बांधली ते नोंदवावं. वादकांना त्याचं मानधन द्यावं. आणि त्यांच्या संमतीने हा संग्रह पुनर्रचनेसाठी खुला ठेवावा. ओव्हरक्लॉक्ड रीमिक्सला जी शिस्त बसवायला सगळं जग गोळा करावं लागलं, ती दोन जिल्ह्यांच्या विद्यापीठाला दोन हंगामांत बसवता येईल. रेला गीतांसारख्या गोंडी आणि माडिया चालींबाबत मात्र घाई नको. तिथे मालक एक माणूस नाही, गाव आहे. ग्रामसभेला विचारूनच पुढे जावं.

व्हिडिओ गेमशी या भागाचा संबंध फक्त जुन्या कॅसेटीपुरता राहू नये, असंही वाटतं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० साली ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ आणला. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने केलं. खेळ महाराष्ट्रातला, आणि त्यातली सुरावट जगभर ऐकली गेली. पुढच्या मराठी खेळाला संगीतकार हवा असेल तेव्हा तो शोधायला फार लांब जायला नको, एवढी तयारी इथल्या पोरांची व्हायला हवी. ती तयारी कशी होते हे कॉफमन, बॅरनॉव्स्की आणि फॉक्स यांनी दाखवलं आहे: दुसऱ्याच्या चांगल्या चाली वर्षानुवर्षं उलगडून पुन्हा बांधत.

कायदा बदलायला वेळ लागेल, पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. भारतात संगीतरचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, बखलेबुवा १९२२ साली. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासून ‘मानापमान’च्या चाली सर्वांच्या आहेत, पदं लिहिणाऱ्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा हक्क तर त्याआधीच संपला. फॅमिकॉमच्या पाच मार्गांवर संगीत रचायचं ‘फामीट्रॅकर’ हे साधन संगणकावर फुकट मिळतं. त्रिकोणी लहरीवर खर्ज, एका चौकोनी लहरीवर पद, दुसरीवर ऑर्गनची साथ आणि खरखरीवर तबल्याचा ठेका: चामोर्शीतल्या किंवा वडशातल्या एखाद्या कीबोर्डवाल्याने हे करून पाहावं. कुणाच्या परवान्याची गरज नाही. रचनेच्या डोक्यावर फक्त चाल कुणाची ते लिहावं, आणि त्याखाली स्वतःचं नाव.